‘आमचे’ आणि ‘आपले’

(मनीषनगर, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेनेगलपासून सुदानपर्यंत विखुरलेल्या फुलानी लोकांची भाषा जून २०२४ मध्ये गूगलच्या भाषांतर-यंत्रात दाखल झाली. त्या वेळी शंभराहून अधिक भाषांना तेथे प्रवेश मिळाला. त्यांत संथाळी, खासी, तुळू, अवधी या आपल्याकडील भाषा होत्या, गोंडी नव्हती.

मनीषनगरात बसून आफ्रिकेतील गुराख्यांच्या भाषेची चौकशी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या शहरात हे मनीषनगर आहे ते नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास वसवले, आणि त्या राजाची भाषा आज येथील एकाही सरकारी खिडकीवर चालत नाही. फुलानी काय किंवा गोंडी काय, दोन्ही भाषा अनेक राज्यांत वाटल्या गेल्या आणि कोणतेही राज्य त्यांचे झाले नाही. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत गोंडीच्या वाट्याला केवळ सीमारेषा आल्या. गोंड समाज कोटीहून मोठा. पण २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे तीस लाखच होते.

आता यंत्राकडे वळू. ‘हाऊ आर यू’ हे इंग्रजीतील अगदी रोजचे वाक्य. फुलानी माणूस भेटला की घरच्यांची, मुलाबाळांची, गुरांची विचारपूस एकापाठोपाठ एक करतो. उत्तर येते ‘जम तन’, म्हणजे सारे क्षेम आहे. आपल्या विदर्भातही भेटल्याबरोबर ‘जेवला का?’ असेच विचारतात; तेथे प्रश्न पोटाचा असतो आणि ओलाव्याचाही. यंत्र एका वाक्याला एक वाक्य देते आणि मोकळे होते. ही उणीव सोसण्यासारखी आहे.

सोसवणार नाही अशी गोष्ट निराळीच आहे. इंग्रजीतील ‘वुई’ आणि हिंदीतील ‘हम’ यांत ऐकणारा धरलेला आहे की वगळलेला, हे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत; फुलानीतही हा भेद आहे. तेव्हा इंग्रजीतून फुलानीत जाताना यंत्राला तो अंदाजाने ठरवावा लागतो. अंदाज चुकला तर काय होते? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची ‘मावा नाटे, मावा राज’ ही गोंडी घोषणा सर्वांना ठाऊक आहे. २००९ मध्ये या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. तिचा अर्थ मराठीत ‘आमच्या गावी आमचे राज्य’ असा सांगतात. हा ‘आमचे’ शासनाला ऐकवलेला आहे. तेथे ‘आपले’ घातले की तहसीलदारही त्या राज्याचा वाटेकरी होतो! इंग्रजीच्या वळशाने आलेल्या भाषांतरात हा सारा लढा गळून पडू शकतो, आणि वाक्य मात्र व्याकरणशुद्ध राहते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे साधन प्रायोगिक स्वरूपात खुले केले. त्यात संथाळी, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीही आहे. याचे स्वागतच केले पाहिजे. शासनाने आदिवासींच्या भाषेत बोलण्याचे ठरवले, हेही उशिराचे शहाणपण आहे. पण आरंभ छत्तीसगडच्या गोंडीपासून झाला आहे. गडचिरोलीची किंवा आदिलाबादची गोंडी तीच नव्हे. शिवाय या साधनात देवाणघेवाण हिंदी-इंग्रजीशी आहे. म्हणजे मराठी माणसाला शेजारच्या गोंड माणसाशी बोलायचे तर वाट पुन्हा त्याच ‘हम’मधून जाते.

त्याहून मोठा प्रश्न प्रवाहाच्या दिशेचा आहे. या साधनाची जी कामे मंत्रालयाने सांगितली त्यांत आरोग्यसूचना आणि पंतप्रधानांची भाषणे आदिवासी भाषांत पोचवणे आहे. वरून खाली येणारा शब्द असा सुकर झाला. वनहक्काच्या दाव्यावरील गोंडीतली हरकत त्याच सुकरतेने वर जाणार आहे काय? दुभाषेपण दोन्ही बाजूंनी करण्याची ताकद यंत्रात आहे; कचेरीची तयारी आहे की नाही, हे पाहायचे आहे. त्याच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. एका खात्याची गोंडी यंत्रात शिरते आणि दुसऱ्या खात्याची गोंडी वर्गाबाहेर काढली जाते.

यंत्राचे अन्न म्हणजे लिहिलेला मजकूर, आणि येथे फुलानी लोक आपल्याला काही शिकवू शकतात. १९८९ मध्ये गिनी देशातील इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या शाळकरी वयाच्या भावांनी आपल्या भाषेसाठी ‘अडलाम’ लिपी रचली. ती हातोहात, बाजाराबाजारांतून पसरली आणि २०१६ मध्ये संगणकाच्या युनिकोड या जागतिक लिपिसंचात गेली. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी लिपी केली १९१८ मध्ये. तिला तेथे जागा मिळाली २०१७ मध्ये. लिपी एकाहत्तर वर्षे उशिराची, पण युनिकोडात एक वर्ष आधी! मागे लोक किती जोमाने उभे राहिले यावरून हे अंतर पडले, असे म्हणावेसे वाटते.

गडचिरोलीचा गोंड रुग्ण नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये येतो. डॉक्टरच्या हातातील यंत्र बोलले, तर ते बरोबर बोलले की चुकले हे डॉक्टरला कळण्याचा मार्ग नाही. ते केवळ त्या खाटेवरच्या माणसाला कळते, आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार नेमका त्यालाच नाही. म्हणून गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे साधन वापरताना एक वही बरोबर ठेवावी. यंत्राने दिलेले वाक्य गावातील जाणत्या बाईमाणसांना ऐकवावे, त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे, आणि ती वही ग्रामसभेच्या दप्तरात राहावी. तिची नक्कल मंत्रालयाला पाठवायची की नाही, ते ग्रामसभा ठरवील.