ताट वेगळं नको, खिडकी उघडी हवी



आपल्या एका गटातली ताई बैठकीला यायची बंद झाली. हप्ता मुलीच्या हाती पाठवायची. घरी गेले तर कळलं, टीबी निघालाय. घरच्यांनी तिची ताट-वाटी वेगळी केली होती. पण झोपायला सगळे त्याच बंद खोलीत! तिला विचारूनच हे सांगतेय.

टीबी ताटातून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला की जंतू हवेत जातात, बंद खोलीत तासन् तास तरंगतात आणि जवळच्यांच्या श्वासातून आत शिरतात. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर पदर धरा.

खोकला 2 आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. औषध साधारण 6 महिने चालतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं, तर जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करा.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करताना एकमेकींना खोकल्याचंही विचारू या. आणि डॉक्टर हो म्हणाले, की त्या ताईला आपणच घरून घेऊन येऊ. येणार ना माझ्यासोबत?