भांडी धुवायचं मशीन घ्यायचं का? आधी घासणारे हात मोजूया

आम्ही पोशीरच्या बायका बोलतोय. आजचा विषय तुमच्या मोरीत रोज पडलेला असतो. भांडी.

भांडी धुवायचं मशीन, म्हणजे डिशवॉशर, हा शब्द आता गावातही ऐकू यायला लागलाय. फोनवर जाहिरात येते, दुकानदार हप्त्याने देतो म्हणतो, बदलापूरला दिलेली लेक सांगते, "आई, घेऊन टाका." मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "घरात एवढ्या बाया असताना मशीन कशाला?" दुसरा म्हणतो, "घ्या एकदाचं, कटकट मिटेल." आम्हाला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. पहिल्या उत्तरात बाईच्या हातांची किंमत शून्य धरली आहे. दुसऱ्यात मशीन काय मागतं याचा हिशेब नाही. तो हिशेब आज आपण मांडू.

सुरुवात हातांपासून करू. दहा माणसांचं घर धरा. एका जेवणाला दहा ताटं, वीस वाट्या, दहा पेले. झाले चाळीस नग. त्यावर भाताचा टोप, आमटीचं पातेलं, कढई, तवा, परात, डाव, झारा. शिवाय चहाचे कप आणि मुलांचे डबे. हे दिवसातून दोनदा. लावणीच्या दिवसांत कामाला आलेली माणसं जेवायला असतात, तेव्हा ही रास दुप्पट होते. दिवसभर चिखलात उभं राहून पायांना चिखल्या झालेल्या असतात आणि तीच बाई रात्री उकिडवी बसून भांडी घासते.

हे काम कोण किती करतं, हे सरकारनेही मोजलंय. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, असं दिसलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. हेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. तेव्हा बाईने हातांना आराम मागितला तर तिला कोणी आळशी म्हणू नये. मोटारसायकल घेताना जेवढ्या गांभीर्याने विचार होतो, तेवढाच इथेही व्हायला हवा.

आता मशीनची गोष्ट. हे मशीन चालतं करून बाजारात आणणारी बाईच होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावची जोसेफिन कॉकरन. १८८३ मध्ये ती विधवा झाली, डोक्यावर कर्ज होतं. १८८६ मध्ये तिने आपल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. पण घेतलं कोणी? हॉटेलांनी आणि खानावळींनी. साध्या घरांत ते लवकर पोचलं नाही. किंमत जास्त होती आणि मशीनला लागेल एवढं गरम पाणी पुष्कळ घरांत नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आपल्याला कामाची आहे. मशीन घरात येण्याआधी घरात पाणी, वीज आणि निचरा यायला लागतो.

मशीन चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो. कपड्यांच्या मशीनसारखं यात काही गरगर फिरवत नाहीत. भांडी जाळीच्या खणांत तिरकी लावायची. आत पंख्यासारख्या नळ्या फिरतात आणि त्यांतून गरम पाण्याचे फवारे उडतात. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरलं जातं, म्हणून एका फेरीला साधारण १० ते १२ लिटर पाणी पुरतं. नळ सोडून भांडी धुतली तर याच्या कितीतरी पट जातं. एका फेरीला दीड ते तीन तास लागतात आणि वीज साधारण एक ते दीड युनिट.

म्हणजे पाणी कमी लागतं. मग अडचण कुठे येते? आम्ही पाच प्रश्न काढले. तुमच्या घरी विचारून बघा.

पहिला, पाणी कधी आणि किती जोरात येतं? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. दहा माणसांचे ५५० लिटर झाले. त्यातून मशीनचे २५ लिटर सहज निघतील. पण नळ ठरल्या वेळी येतो आणि भांडी पडतात रात्री. हंड्यातलं पाणी मशीनला चालत नाही, त्याला पाइपातून दाबाने येणारं पाणी लागतं. किती दाब लागतो ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अर्धा बार लिहिलं असेल, तर टाकी तोटीपासून सुमारे ५ मीटर उंच हवी. पत्र्याच्या पडवीवर ठेवलेली टाकी एवढी उंच भरत नाही. आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, हे आपण सगळ्या जाणतो. आपल्या पोशीर नदीवरच्या धरणाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, पण ते पाणी मुंबईजवळच्या शहरांसाठी धरलंय. जाहिरातीतलं मशीनही तिथल्याच नळासाठी बनलंय.

दुसरा प्रश्न, वीज. मशीन आत पाणी तापवतं, म्हणून त्याला १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि चांगलं अर्थिंग लागतं. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर ते ओढत नाही. पावसाळ्यात अर्ध्या फेरीत लाईट गेली, तर खरकटी भांडी आत आणि आपण बाहेर.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. आपली भांडी त्यात चालतील का? स्टीलची ताटं, वाट्या, पेले, काचेची आणि चिनीमातीची भांडी छान निघतात. ॲल्युमिनियमचा टोप काळा पडतो. लोखंडी तवा आणि बिडाचं भांडं गंजतं. तांब्यापितळेची चकाकी जाते. लाकडी पोळपाट आणि काथवट फुगून चिरते. चुलीवरच्या भांड्याची काजळी मशीनने निघत नाही. भाकरीची परात आणि पाहुण्यांचा मोठा टोप आत मावतच नाही. म्हणजे ताटवाट्या मशीनला आणि जड, करपलेलं, काळं सगळं बाईलाच.

चौथा, सांडपाणी. मशीनची पावडर आपल्या साबणापेक्षा बरीच तीव्र असते. ते पाणी परसातल्या अळूला आणि केळीला सोडू नका. त्याला शोषखड्डा हवा.

पाचवा, पैसा. मशीनची किंमत एकदा द्यायची, पण रोजचा खर्च वेगळा. धुण्याची खास पावडर, पाणी जड असेल तर मशीनचं जाडं मीठ (घरातलं बारीक मीठ चालत नाही) आणि वीज. समजा एका फेरीला सगळं मिळून १५ रुपये आले. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला ९०० आणि वर्षाला १०,८०० रुपये. हप्ता याच्या वर. दुरुस्तीला माणूस पोशीरपर्यंत येणार का, हेही पैसे देण्याआधी विचारा.

आमच्या गटापुढे असाच एक अर्ज आला होता. अकरा माणसांचं घर. एक सून नेरळला नोकरीला जाते, दुसरी घरी असते आणि तिचे गुडघे दुखतात. नोकरीवाल्या सुनेने मशीनसाठी कर्ज मागितलं. काही जणी हसल्या. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. जावेचे हाल बघून तिने ते मागितलं होतं. आम्ही म्हटलं, सात दिवस मोजून आणा. किती भांडी, कोणती, कुठल्या वेळी, कोणी घासली.

आठवड्याने वही आली. निम्म्याहून जास्त घासणं टोप, तवा आणि कढईचं होतं. सगळ्यात मोठी रास रात्री नऊला, तेव्हा नळाला पाणी नव्हतं. आणि "कोणी घासली" या रकान्यात सात दिवस एकच नाव.

त्या घराने कर्ज घेतलं, पण वेगळ्या कामाला. कमरेइतक्या उंचीचा ओटा, त्यात सिंक, वर ५०० लिटरची टाकी आणि मागे शोषखड्डा. आता उकिडवं बसावं लागत नाही. पैशाशिवाय एक नियमही केला. ज्याचं ताट त्याने धुवायचं, सासऱ्यांपासून शाळकरी पोरापर्यंत. हा नियम काही नवा नाही. गांधीजींच्या आश्रमात प्रत्येक जण आपलं ताट आपण घासत असे. आपल्याकडचं आश्रमशाळेतलं पोरगंही शाळेत स्वतःचं ताट धुतं आणि सुट्टीत घरी आलं की ताटावरून उठून जातं. सासरे पहिले चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी त्यांनी आपल्याबरोबर नातवाचंही ताट धुतलं. सुनेचे गुडघे त्याने बरे झाले असं आम्ही म्हणणार नाही, त्याला दवाखानाच हवा. पण रात्रीची चाळीस-पन्नास भांडी आता तिच्या एकटीच्या वाट्याला येत नाहीत.

मग मशीन घ्यायचंच नाही का? असं मुळीच नाही. काही घरांना ते खरंच उपयोगी आहे. ज्या बहिणी शनिवार-रविवारी पर्यटकांना घरचं जेवण करून घालतात, त्यांच्याकडे तीस-चाळीस स्टीलची ताटं एकदम पडतात. उंच टाकी आणि नीट वायरिंग असेल, तर तिथे मशीन हे धंद्याचं अवजार आहे. त्याचं कर्जही धंद्याचं कर्ज म्हणून बघावं आणि जेवणाच्या दरात त्याचा खर्च धरावा. ज्या घरात घासणारी एकटी आहे, हाताला इसब आहे, म्हातारपण आहे, तिथेही पाणी-विजेची सोय असेल तर हात आखडू नका.

आपल्यातल्या काही जणी फार्महाऊसवर भांडी घासायला जातात. तिथे मशीन आलं की पगार कापायची भाषा होते. तेव्हा शांतपणे सांगा, की खरकटं काढणं, भांडी लावणं, काढून पुसून ठेवणं आणि कढया घासणं हे काम उरलेलंच आहे.

तेच घरालाही लागू आहे. मशीन आणलं, तर त्यात भांडी कोण लावणार आणि कोण काढणार, हे आणण्याआधी ठरवा. नाहीतर घासणारे हातही तेच आणि लावणारे हातही तेच.

तर मैत्रिणींनो, उद्यापासून सात दिवस एक वही मोरीजवळ ठेवा. भांडी मोजा, वेळ लिहा आणि घासणाऱ्याचं नाव लिहा. आठव्या दिवशी ती वही घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. मशीन, ओटा की ताटाचा नियम, काय आधी करायचं ते मग सगळ्यांनी मिळून ठरवा. नमस्कार.