मुद्दलाला हात नाही
(नाशिकमधील अंबड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘ससानी इराण : धर्म, समाज आणि राज्यकारभार’. अर्दशीरनं इ.स. २२४ मध्ये पार्थियनांना हरवलं, ६५१ मध्ये शेवटचा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला आणि मधल्या काळात रोमशी लढाया झाल्या, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे; त्यात वेळ घालवत नाही. मागून कुणीतरी अजिंठ्याच्या चित्राचं विचारतंय. इराणच्या दुसऱ्या खुस्रोचा वकील चालुक्य राजा पुलकेशीच्या दरबारात आला, तेच ना ते चित्र? अहो, बहुतेक अभ्यासक आता ते चित्र पाचव्या शतकातलं मानतात आणि पुलकेशी आहे सातव्या शतकातला. वकील दीडशे वर्षं आधीच येऊन बसला होता म्हणायचं! (हशा)

मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. राजा पाठीशी असला की धर्म टिकतो, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. धर्म टिकतो तो दानाच्या चोख व्यवस्थेवर.

धर्म आणि राज्य ही जुळी भावंडं, असं ससानी परंपरा सांगते. तिसऱ्या शतकात कर्तीर नावाचा धर्माधिकारी दुसऱ्या बहरामच्या काळात इतका चढला की खडकांवर स्वतःचे लेख कोरून घेऊ लागला. राज्यात कुणाकुणाला दडपलं याची यादीच त्यानं दिली आहे : यहुदी, ख्रिस्ती, मानीपंथी, श्रमण आणि ब्राह्मणसुद्धा. (सभागृहात कुजबुज) पुढच्या रांगेतल्या पारशी मित्रांनी गैरसमज करून घेऊ नये. मी एका अधिकाऱ्याबद्दल बोलतोय, झरथुष्ट्राच्या धर्माबद्दल नाही. आणि त्याच राज्यात ४१० साली पहिल्या यज्दगर्दच्या परवानगीनं ख्रिस्ती बिशपांची परिषद भरली. धर्मगुरूंनी त्या राजाला ‘पापी’ ठरवलं, ही गोष्ट वेगळी.

खडकावरचे लेख मिरवण्यासाठी असतात. राज्य कसं चालायचं हे बघायचं तर ‘मादयान-ए-हजार दादेस्तान’ बघा. फर्रुखमर्द नावाच्या माणसानं सातव्या शतकाच्या सुरुवातीला जमवलेले हजार निवाडे. त्यात गुलाम आहेत, घटस्फोट आहेत, जामीन आहेत, निपुत्रिकाचा वंश चालवायची सोय आहे. आणि दानाचे खटले आहेत. आत्म्यासाठी किंवा अग्नीसाठी एखाद्यानं जमीन ठेवली, तर मुद्दल तसंच ठेवायचं, खर्च करायचा तो उत्पन्नातून.

हे तुम्हाला परकं वाटतंय? इथून पांडवलेणी किती लांब आहेत? लेणं क्रमांक १०, व्हरांडा. नहपानाचा जावई उषवदात, शक माणूस, ससानी राज्याच्या कितीतरी आधीचा. त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दरानं. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दरानं. आता हिशेब करा. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस! एक पैसा इकडेतिकडे नाही. मुद्दल परत करायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं, हे तिथं दगडात कोरलंय. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवलाय. इथल्या एमआयडीसीतल्या एखाद्या लेखापालानं तो वाचला तर तो क्षणात ओळखेल. (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणताय, मी पाचात आटोपतो.

ससानी राज्य बुडालं. निवाड्यांचं ते पुस्तक एकाच हस्तलिखितात उरलं, पंचाहत्तर पानांचं, तेही दोन ठिकाणी विभागलेलं. पंचावन्न पानं मुंबईत हातारिया ग्रंथसंग्रहात होती. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली इराणमधल्या गरीब धर्मबंधूंसाठी पाठवलेले माणेकजी लिमजी हातारिया, त्यांच्याच नावाचा हा संग्रह. जिवणजी मोदींनी त्या पानांची हुबेहूब प्रत १९०१ मध्ये पुण्यात छापवली. उरलेली वीस पानं तेहमुरस अंकलेसरियांकडची, ती १९१२ मध्ये मुंबईत छापली गेली. ज्या राज्याचा तो कायदा, त्याला जाऊन साडेबाराशे वर्षं झाली होती. पानं जपली ती देणग्यांवर उभ्या असलेल्या एका छोट्या समाजानं. देवळालीत जाऊन पारशी आरोग्यधामांच्या पाट्या वाचा; तुम्हाला तिथं दात्यांची नावं दिसतील, कुठल्या राजाचं नाव दिसणार नाही.

पहिल्या खुस्रोनं, म्हणजे नौशेरवानानं, जमीन मोजून रोख सारा कसा बांधला, पंथप्रवर्तक मझदकानं कोणाच्या कोठारांवर बोट ठेवलं, हे राहिलंच. वैद्य बुर्झोयनं आपलं पंचतंत्र तिकडे कसं नेलं, तेही राहिलं. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मझदकाबद्दल कुणाला विचारायचं असेल त्यांनी प्रश्नोत्तरांत नक्की विचारा, मी थांबणार आहे.