बुजरे मूल आणि उन्हाळी शिबिर
(वर्धापनदिनी बेज्जूर येथे केलेले भाषण)

माझ्यामागून हेच विचार तेलुगूतून सांगितले जाणार आहेत, तेव्हा मी लांबण लावणार नाही. शिक्षकाची जन्माची खोड, तरी प्रयत्न करतो.

मी आज बोलायचे ठरवले होते वेगळ्याच विषयावर. परंतु गेल्या आठवड्यात आपल्यापैकीच एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. अभ्यासात चांगली, घरकामात तरबेज, पण पाहुणा आला की माजघरात पळणारी. शाळेत उत्तर येत असूनही हात वर करणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांचे एक युवक-शिबिर आहे, तेथे तिला पाठवावे असे वडिलांच्या मनात. "गुरुजी, तिथे गेली म्हणजे धीट तरी होईल," असे ते म्हणाले. आईचे म्हणणे, पोर तिथे रडत बसेल, नको. दोघांनी माझ्यावर निवाडा सोपवला.

तेव्हा आधी माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी तेरा वर्षांचा असताना मलाही असेच धीट करण्यासाठी एका शिबिरात धाडले होते. पहिल्याच रात्री प्रत्येकाला मध्यभागी उभे करून आपली माहिती सांगायला लावली. आमची भाषा तुम्हांस ठाऊक आहेच. एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि बाजारातली उर्दू अशा तिन्ही नांदतात. मी तोंड उघडले आणि मुले हसली. त्यात द्वेष नव्हता, हे आज कळते. त्या रात्री मात्र मी लाकडाच्या ढिगामागे जाऊन बसलो, आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना मला न्यायला यावे लागले. त्यानंतर कित्येक वर्षे कोणी शिबिराचे नाव काढले तरी माझ्या पोटात गोळा उठे. मला धीट करायला निघालेल्यांनी मला अधिकच भित्रा करून परत पाठवले होते.

मग पाठवूच नये काय? असेही मी म्हणणार नाही, कारण माझी गोष्ट तेथे संपत नाही.

एकोणिसाव्या वर्षी एका मित्राने मला ओढून सोमनाथला नेले. आपल्या प्राणहितेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील मूलजवळ बाबा आमटे यांचा प्रकल्प आहे. तेथे 1967 च्या सुमारास श्रमसंस्कार छावणीचा प्रघात सुरू झाला. मे महिन्याच्या ऐन उन्हात तरुण मुले-मुली जमत, सकाळी श्रमदान करीत, पुढे व्याख्याने आणि चर्चा होत. मला कोणी मध्यभागी उभे केले नाही. मला एका रांगेत उभे केले. पुढच्याच्या हातून मातीचे घमेले घ्यायचे आणि मागच्याच्या हाती द्यायचे. दोन दिवस मी "घ्या" आणि "थांबा" यापलीकडे शब्द बोललो नाही, आणि त्याचे कोणाला काही वाटलेही नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाच्या तळहाताला फोड आले. मी माझ्या उपरण्याची पट्टी फाडून बांधली. मग त्याने माझे गाव विचारले. बेज्जूर कोठे हे सांगताना मी वर्धा-वैनगंगेच्या संगमापासून सगळा नकाशा काठीने मातीत काढला. पाहतो तो भोवती आठ-दहा जण जमलेले, आणि बोलणारा मी!

शिबिर दोन्हींनाच म्हणतात. एकात आधी बोलायचे आणि मग ओळख व्हायची. दुसऱ्यात हाताला काम मिळाले आणि बोलणे त्यामागून आले. बुजऱ्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

महात्माजींचे चरित्र आठवा. विलायतेत विद्यार्थी असताना शाकाहारी मंडळींच्या एका सभेत ते एका पानाचे भाषण लिहून घेऊन उभे राहिले आणि वाचता येईना; ते दुसऱ्याने वाचले. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. मुंबईच्या कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले तो प्रश्नच सुचेना, तेव्हा फी परत करून खाली बसले. तोच पुरुष 1893 मध्ये प्रिटोरियात हिंदी लोकांची सभा भरवून बोलला. मधल्या काळात त्यांनी वक्तृत्वाचा कोणताही वर्ग केला नव्हता. पूर्वी ते बोलण्यासाठी उभे राहत. आता समोर आपल्या माणसांचे हाल होते. पुढे आपल्या संकोचाबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. शब्द जपून वापरण्याची सवय त्यातूनच लागली असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

नदीपलीकडे हेमलकशाला 1973 मध्ये माडिया बांधवांत जाऊन राहिलेले डॉ. प्रकाश आमटेही मितभाषीच. भामरागडच्या रानात त्यांना व्याख्याने द्यायची नव्हती. रोग्याची भाषा शिकून औषध द्यायचे होते.

तेव्हा वडिलांना माझे पहिले सांगणे हे, की मुलीचा स्वभाव हा रोग समजू नका. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या अर्भकांपासून आरंभ करून मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. नवा आवाज, नवी वस्तू पुढे येताच हातपाय झाडून रडणारी मुले शंभरात सुमारे 20 निघाली. त्यांतली पुष्कळ पुढे बुजरी झाली; सगळी मात्र झाली नाहीत. आणि ज्या आईबापांनी अशा मुलाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून पदराखाली झाकले, त्यांच्या मुलांची भीती अधिक टिकली; हळूहळू पुढे सरकवणाऱ्यांच्या मुलांची कमी झाली. माउलींनी रागावू नये, पण हे त्यांच्यासाठी आहे. सरकवणे आणि ढकलणे यांतला भेद मात्र वडिलांसाठी आहे.

इतके सगळे मी त्या दोघांना सांगितले. मग ध्यानात आले, की आम्ही तिघे मोठी माणसे बोलत आहोत आणि जिच्याविषयी बोलत आहोत तिला कोणी विचारलेलेच नाही! तिला बोलावले. मी विचारले, "बाळ, तुला जावेसे वाटते का?" ती बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिली. वडील मध्येच बोलू लागले, त्यांना मी हाताने थांबवले. अखेर ती म्हणाली, "गुरुजी, तिथे सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावतात का?"

पाहा, तिला घर सोडण्याची भीती नव्हती. उन्हाची नव्हती, परक्या अन्नाची नव्हती. एवढीच एक होती, आणि ती मला पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीपासून ओळखीची आहे.

मी तिच्यासमोरच शिबिराच्या चालकांना पत्र लिहिले. एवढेच विचारले, की गाणे, भाषण, नाटक हे ज्याच्या त्याच्या खुशीवर ठेवाल काय. तिच्या मामेबहिणीला तिच्याच गटात घ्याल काय. आणि पहिले तीन दिवस राहून परत यावेसे वाटले, तर कोणी हिणवणार नाही याची हमी द्याल काय. हमी मिळाली नाही तर मुलीने जाऊ नये, हेही तिच्या वडिलांकडून कबूल करून घेतले. ते थोडे नाराज झाले. तीन दिवसांनी परत यायची मुभा म्हणजे पळवाट, असे त्यांना वाटते. मला मात्र वाटते, की दार उघडे आहे हे माहीत असलेले मूलच आत निर्धास्त बसते. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

परवा उत्तर आले. तिन्ही गोष्टी मान्य आहेत. चालकांनी खाली एक ओळ जोडली आहे, की पहाटे पाणी भरणाऱ्या गटात दोघी बहिणींची नावे घातली आहेत, तेव्हा लवकर उठण्याची सवय करून यावे. मुलीने ती ओळ दोनदा वाचली आणि आईला विचारले, आपल्याकडची मोठी कळशी नेऊ का.