अंदमानला जायचं, पण सगळ्या जणींनी

आम्ही मुकुंदवाडीतल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. आमच्यात कुणी शिवणकाम करतं, कुणी चिकलठाण्याच्या कंपनीत शिफ्टला जातं, कुणी पोळीभाजीचे डबे देतं. सगळ्यांत मोठ्या म्हणजे आमच्या काकू, वय ६७. तीन वर्षं दर महिन्याला हजार रुपये आम्ही बाजूला टाकले. कर्जाच्या खात्याला हात न लावता प्रत्येकीचे ३६ हजार झाले. येत्या जानेवारीत आम्ही अंदमानला निघणार आहोत. हा बेत कसा बसवला, ते आज सांगतो.

घरोघरी पहिला प्रश्न एकच आला, "अजून काशी झाली नाही, आणि अंदमान कशाला?" खरं आहे. पण 'काळं पाणी' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीनच उभ्या आहेत. बंगाल, पंजाब, महाराष्ट्र, सगळीकडचे क्रांतिकारक तिथं डांबले होते. नाशिकचे बाबाराव सावरकर आणि त्यांचे धाकटे भाऊ विनायकराव हेही तिथंच होते. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी नवऱ्याची भेट व्हावी म्हणून वर्षानुवर्षं झुरल्या. भेटीची वेळ येण्याआधीच, १९१९ साली, त्या गेल्या. त्याच वर्षी विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई धाकट्या दिरासोबत बोटीनं अंदमानला जाऊन नवऱ्याला भेटल्या. आठ वर्षांनी झालेली ती भेट. काकू म्हणाल्या, "मला समुद्र नाही बघायचा. त्या बाई जिथवर गेल्या, तिथवर जायचंय."

आम्ही एका प्रवासी कंपनीचा छापील बेत आणला. सहा दिवसांत पाच बेटं. एका पहाटे तीनला निघायचं, एका दिवशी जंगलातून पायी चालत किनाऱ्यावर उतरायचं. काकूंनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा गं, मी इथंच बरी." त्यांचेही पैसे आमच्याइतकेच भरलेले. तो कागद आम्ही बाजूला ठेवला आणि नवा बेत काकूंच्या गुडघ्यांपासून सुरू केला.

अंदमान आणि निकोबार मिळून शेकडो बेटं आहेत, पण वस्ती थोड्याच बेटांवर. निकोबारला पर्यटकांना सहसा जाता येत नाही. म्हणजे सगळं बघणं कुणालाच शक्य नाही. मग आम्ही तीनच ठिकाणं घेतली. पहिलं पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे. दुसरं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथं राधानगरचा लांबच लांब वाळूचा किनारा आहे. तिसरं नील, म्हणजे शहीद द्वीप. ही दोन नावं २०१८ साली बदलली. चौकशी करताना जुनी-नवी दोन्ही नावं लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.

बाराटांगची चुनखडीच्या गुहांची सहल आम्ही गाळली. ती वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. तिथं गाड्या एकत्र तांड्यानं सोडतात, थांबता येत नाही, फोटो काढायला बंदी आहे. तरी लोक काचेतून माणसं बघायला जातात. आपल्या वस्तीतून अशा गाड्या गेल्या तर आपल्याला चालेल का, असं एकीनं विचारलं, आणि विषय तिथंच मिटला.

आता जायचं कसं? चेन्नईहून बोट स्वस्त पडते, पण तीनेक दिवस लागतात आणि तारखा हवामानाप्रमाणे पुढंमागं होतात. कंपनीतल्या बायकांना तेवढी रजा मिळत नाही. म्हणून रेल्वेनं हैदराबाद, तिथून रात्रीच्या गाडीनं चेन्नई आणि पुढं सव्वादोन-अडीच तासांचं विमान. मुक्काम सहा रात्री: पोर्ट ब्लेअरला दोन, स्वराज द्वीपला दोन, शहीद द्वीपला एक आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र मुद्दाम ठेवली आहे. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या दिवशी बोटीचं तिकीट कधीच काढू नका.

जेलला आम्ही अख्खी सकाळ दिली आहे. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. काकू जिथवर चढतील तिथवर चढतील, दोघी जणी त्यांच्यासोबत राहतील. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम तर बसूनच बघायचा असतो.

काही बारीक गोष्टी. अंदमान पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून दिवस पहाटे सुरू करायचा. बोट लागत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, रिकाम्या पोटी बसू नका. मोबाइलला रेंज सगळीकडे नसते. घरी तसं सांगून ठेवा आणि थोडी रोकड जवळ ठेवा. दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू न्या. आधार कार्डासारखं सरकारी ओळखपत्र हवंच. प्रवाळाचा तुकडा किंवा शिंपले उचलून पिशवीत टाकू नका, कायद्यानं गुन्हा आहे.

मैत्रिणींनो, तुमचा गट कुठंही जाणार असेल, अष्टविनायकाला नाहीतर कोकणात, तर आधी ठिकाणांची यादी करू नका. आधी विचारा, आपल्यात सगळ्यांत हळू कोण चालतं आणि कुणाची रजा सगळ्यांत कमी आहे. त्यांना झेपेल तो बेत सगळ्यांना झेपतो.

काकूंच्या मुलाचा होकार अजून यायचा आहे. विमानाचं तिकीट मात्र काकूंनी मागच्या मंगळवारी आमच्याबरोबरच काढलं. अकरा तिकिटं आहेत. आता आमच्यातल्या दोघी मुलाशी बोलायला जाणार आहेत, काकूंच्या गुडघ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन.