कोकण रेल्वे आणि आपण प्रवासी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना आठवत असेल, की एकेकाळी गोव्याहून मुंबई गाठणे म्हणजे दिव्यच होते. बोट धरावी, नाहीतर रात्रभर घाटातून बसचे धक्के खावेत, नाहीतर मीटरगेजच्या गाडीने लोंढ्यावरून मिरजेला जावे आणि तिथे सामानसुमान डोक्यावर घेऊन गाडी बदलावी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा मार्ग सलग खुला झाला आणि हे सारे संपले. त्या दिवसांत आम्ही घरच्या मंडळींना घेऊन नुसती गाडी पाहायला थिवीला गेलो होतो. हे ऋण आम्ही विसरलेलो नाही. आज जे बोलणार आहोत ते हे ऋण मान्य करूनच.

ही रेल्वे आकाशातून पडली नाही. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी तिचा आग्रह धरला, १९९० साली त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे तिची सूत्रे आली. मूळ भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून उभा केला. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून मोठे आंदोलन झाले, १९९३ मध्ये काम थांबले, ओझा आयोग बसला. पेडण्याच्या बोगद्यातली भुसभुशीत माती तर शेवटपर्यंत छळत राहिली. कामगारांनी प्राण दिले, शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. म्हणून आम्ही म्हणतो, या रेल्वेत आपण नुसते गिऱ्हाईक नाही, भागीदार आहोत.

भागीदाराने हिशेबही पाहिला पाहिजे. कर्ज फेडता यावे म्हणून या मार्गावर भाडे आकारताना अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरण्याची मुभा कंपनीला देण्यात आली. म्हणजे गाडी धावली १०० किलोमीटर, तर तिकीट १४० किलोमीटरचे. डोंगर फोडून रूळ टाकले, तेव्हा हे आपण समजून घेतले. पण एका पिढीने हे जादा भाडे भरले. ते किती काळ भरायचे, असे विचारण्यात कृतघ्नपणा नाही.

दुसरी गोष्ट एकेरी मार्गाची. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. बाकीचा मार्ग मुख्यतः एकेरीच आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या फक्त स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यामुळे मान मोठ्या गाडीला, आणि पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी. २०२३ मध्ये वंदे भारत आली, तिचे स्वागतच आहे. पण प्रत्येक नवी वेगवान गाडी त्याच एका रुळावर येते आणि तिची किंमत कुडाळ, सावंतवाडी, पेडणे इथे उतरणारा साधा माणूस आपल्या वेळेने चुकवतो. चतुर्थीला तर विचारूच नका. एका रुळावरून गाड्या सोडायच्या तरी किती?

तिसरी गोष्ट पावसाची, आणि इथे आम्ही वेगळे बोलणार आहोत. पावसाळी वेळापत्रक लागले की गाडी रेंगाळते म्हणून आपण कुरकुरतो. पण २२ जून २००३ ची रात्र आठवा. वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर गस्त वाढली, मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवण्याचा नियम आला. रात्री खिडकीतून रुळालगत चालणारा, हातात बत्ती घेतलेला गस्तवाला आम्ही पाहिला आहे. तो आहे म्हणून आपण झोपतो. उशिराबद्दल कुरकूर जरूर करा, पण या उशिराबद्दल नव्हे. मागायचे असेल तर डोंगर बांधून काढायला पैसा मागा. २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी शिरले आणि गाड्या दूरवरून वळवाव्या लागल्या. हा इशारा पुरेसा आहे.

आता मुख्य प्रश्न. ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करण्याला मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही संमती दिली. मात्र 'कोकण रेल्वे' हे नाव राहावे, अशी अट घातली. विलीनीकरणाचा हेतू उघड आहे. कंपनीला दुहेरीकरणासाठी स्वतः कर्ज काढावे लागते, रेल्वेच्या विभागाला अर्थसंकल्पातून पैसा मिळतो. हा लाभ आम्हाला दिसतो. पण आमची शंकाही ऐका. आज थोडा का होईना, गोव्याचा वाटा आहे. उद्या तो गेला तर आपले म्हणणे कोणाच्या टेबलावर जाणार? नुसते नाव राखून पोट भरत नाही.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. एक, वाढीव अंतराचे भाडे रद्द व्हावे. दोन, या मार्गाचे तुकडे करून ते शेजारच्या विभागांना वाटू नयेत. याच मार्गावर मुख्यालय असलेला स्वतंत्र विभाग असावा. तीन, दुहेरीकरणाचा टप्पावार, तारखांसह कार्यक्रम जाहीर व्हावा. चार, प्रवासी सल्लागार समितीत लहान स्थानकांवरच्या रोजच्या प्रवाशांना जागा मिळावी, आणि सभेचे इतिवृत्त मराठी व कोकणीत प्रसिद्ध व्हावे.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. आपण कट्ट्यावर तावातावाने बोलतो, पण लिहून काही देत नाही. 'गाडी नेहमीच लेट' या वाक्याला कोणी विचारत नाही. गाडीचा क्रमांक, तारीख, स्थानक, किती मिनिटे थांबलो, एवढे चार शब्द लिहिले की तो पुरावा होतो. आजपासून प्रत्येक सभासदाने आपल्या प्रवासाची अशी नोंद मंडळाकडे द्यावी. चांगला अनुभव आला तर तोही लिहावा. कोणी कर्मचारी म्हाताऱ्या माणसाला हात देऊन उतरवत असेल, तर त्याचीही दखल घेतली पाहिजे. चतुर्थीनंतर या नोंदी एकत्र करून आपण खासदारांकडे आणि रेल्वे मंत्रालयाकडे जाऊ.

रेल्वे यावी म्हणून आपल्या आधीची पिढी झगडली. ती नीट चालावी म्हणून झगडणे आपल्या वाट्याला आले आहे. ते काम शांतपणे, पण नेटाने करू या.

जय गोमंतक, जय हिंद!