परक्या माळावरचे गाणे

संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या या श्रोतृवर्गापुढे आम्ही अमेरिकेतल्या एका ऑपेराची गोष्ट काढतो आहोत, याबद्दल रोष नसावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २८ मार्च १९५१ रोजी ‘जायंट्स इन द अर्थ’ हा नवा ऑपेरा रंगभूमीवर आणला. संगीत डग्लस मूर यांचे. ते तेथेच प्राध्यापक. कथा १८७० नंतर डाकोटाच्या माळरानावर वसायला गेलेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांची. रोलव्हाग यांच्या मूळ कादंबरीत टोळधाड आहे, हिमवादळ आहे, आणि त्या उघड्या माळाच्या धास्तीने मनाचा तोल गेलेली बेरेट आहे. राजेराण्या नव्हेत, नांगरधारी कुणबी गाताहेत!

धंदेवाईक नाटकगृहाला तिकिटांचा हिशेब सुटत नाही. विद्यापीठाला पडेल नाटकही परवडते; निदान परवडावे. या ऑपेराला तर त्याच वर्षी संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तरीही एक शंका आमच्या मनातून जात नाही. तो माळ ओसाड नव्हता. तेथे सू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. नांगराचे गाणे बसवताना, ज्यांच्या पायाखालची जमीन गेली त्यांचा सूर कोणी लावायचा? इतिहासाचा विभाग तर त्याच आवारात असतो.